तयारीचाही इतिहास लिहिला पाहिजे

 १२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले आणि माणूस अंतराळात जाऊन जिवंत परत येऊ शकतो, याची जगाला खात्री पटली. ते उड्डाण १०८ मिनिटांचे होते. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली हा दिवस आंतरराष्ट्रीय मानवी अंतराळ उड्डाण दिन म्हणून जाहीर केला. भारतीयांना एप्रिलचे हे दिवस आणखी एका कारणाने जवळचे आहेत. १९८४ साली ३ ते ११ एप्रिल या काळात पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा अंतराळात होते. दरवर्षी या सुमारास रॉकेटची छायाचित्रे छापली जातात, शाळांमधून व्याख्याने होतात, नव्या पिढीला जुन्या पराक्रमांची ओळख करून दिली जाते. हे सारे झालेच पाहिजे. पण गागारिन यांच्या १०८ मिनिटांआधी वर्षभराची मेहनत होती आणि शर्मा यांच्या जेमतेम आठ दिवसांआधी सुमारे दीड वर्षाचे प्रशिक्षण होते. त्या काळाविषयी आपण फार कमी बोलतो आणि त्याहून कमी लिहितो. गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेच्या निमित्ताने भारत स्वतःचे अंतराळवीर घडवू लागला आहे. अशा वेळी अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचा इतिहास हा गंभीर अभ्यासाचा विषय मानला पाहिजे, एवढेच आज आग्रहाने सांगायचे आहे.

प्रशिक्षणाचा इतिहास म्हणजे व्यायाम, चाचण्या आणि यंत्रांची रुक्ष जंत्री, असा समज आहे. प्रत्यक्षात उड्डाणाची खरी हकिगत पुष्कळदा त्या जंत्रीतच सापडते. गागारिन यांचेच पाहा. मार्च १९६० मध्ये मॉस्कोत वीस लढाऊ वैमानिकांच्या पहिल्या तुकडीचे वर्ग सुरू झाले. थोड्याच दिवसांत त्यांना व्होल्गाकाठच्या एंगेल्स शहराजवळ नेऊन पॅराशूटच्या उड्यांचा कसून सराव देण्यात आला. अंतराळात जाणाऱ्याला पॅराशूटमध्ये इतके तरबेज करण्याचे कारण काय? ते गागारिन यांच्या व्होस्तोक यानाच्या रचनेत होते. यानाचा गोळा जमिनीवर इतक्या जोरात आदळणार होता की, त्या वेळी आत माणूस असणे धोक्याचे होते. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर अंतराळवीराला आसनासकट बाहेर फेकायचे आणि त्याने स्वतःच्या पॅराशूटने उतरायचे, अशी योजना होती. गागारिन तसेच उतरले, आणि तेही एंगेल्सच्याच परिसरात. पण उड्डाणाच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानासह उतरणे आवश्यक होते. त्यामुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट बरीच वर्षे दडवून ठेवली. ज्याने सरावाचे ते वेळापत्रक नीट वाचले असते, त्याला खरे काय ते आधीच कळले असते. संशोधकाने सरावाच्या नोंदींकडे का वळावे, याचे याहून चांगले उत्तर नाही.

दडवादडवीची दुसरी हकिगत अधिक वेदनादायक आहे. याच तुकडीत वालेंतिन बोंदारेंको नावाचे चोवीस वर्षांचे वैमानिक होते. मार्च १९६१ मध्ये मॉस्कोतल्या एका बंदिस्त कक्षात त्यांची एकांतवासाची चाचणी चालू होती. आतल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले होते. चाचणीच्या दहाव्या दिवशी, २३ मार्चला, त्यांनी अंगावर चिकटवलेले संवेदक काढले, ती जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि बोळा बाजूला टाकला. तो विजेच्या शेगडीवर पडला. ऑक्सिजनने भरलेल्या त्या खोलीत आग भडकायला क्षणही लागला नाही. आतबाहेरच्या दाबातील फरकामुळे दार चटकन उघडता आले नाही. काही तासांनी बोंदारेंको रुग्णालयात मरण पावले. तीनच आठवड्यांत गागारिन यांचे उड्डाण झाले आणि जगभर जल्लोष झाला. बोंदारेंको यांच्या मृत्यूची हकिगत सोव्हिएत वृत्तपत्रात छापून यायला मात्र १९८६ साल उजाडले.

मधल्या काळात, २७ जानेवारी १९६७ रोजी, अमेरिकेत केप केनेडी येथे अपोलो यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. आत शुद्ध ऑक्सिजन होता आणि यानाचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते. ठिणगी पडली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर काही सेकंदांत प्राणाला मुकले. बोंदारेंको यांची हकिगत तेव्हा माहीत असती तर हा अपघात टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ऑक्सिजनचा धोका अमेरिकी तज्ज्ञांनाही ठाऊक होता. तरीही ज्या मृत्यूने सगळ्या जगाला सावध करायचे, तो मृत्यू कागदपत्रांत बंद करून ठेवला गेला, एवढे खरे. गुप्ततेमुळे एखाद्या देशाची प्रतिष्ठा काही काळ सांभाळली जात असेल, पण चुकीपासून शिकण्याची संधी सगळेच गमावतात.

त्याच सोव्हिएत तुकडीतले ग्रिगोरी नेल्युबोव्ह हे गागारिन आणि त्यांचे राखीव अंतराळवीर तितोव्ह यांच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार मानले जात. १९६३ साली लष्करी गस्ती पथकाशी झालेल्या वादावरून त्यांना दोन सहकाऱ्यांसह बडतर्फ करण्यात आले. १९६६ मध्ये रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. मे १९६१ मध्ये सोची येथे काढलेल्या एका समूहचित्रात ते मागे उभे आहेत. पुढे हेच छायाचित्र छापले गेले तेव्हा त्यांची आकृती रंगवून पुसून टाकलेली होती. एका चित्रात माणूस दिसतो आणि दुसऱ्यात त्या जागी नुसती पार्श्वभूमी दिसते, हे पाश्चात्त्य अभ्यासकांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडले. छायाचित्राच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवण्याइतकी चिकाटी असेल, तर पुसलेला माणूसही इतिहासात परत आणता येतो.

अमेरिकेत सारे उघडपणे चालले होते असे नाही. पण तिथे चुका नोंदवण्याची आणि त्यावरून सराव बदलण्याची सवय लवकर लागली. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर पडले. वजनरहित अवस्थेत काम हलके होईल, असे वाटत होते. झाले उलटेच. धरायला पुरेसे आधार नव्हते. बोल्ट फिरवायला जावे तर शरीरच उलट दिशेला फिरे. यानाच्या मागच्या भागापर्यंत पोहोचण्यातच ते दमून गेले, शिरस्त्राणाच्या काचेवर आतून वाफ धरली, समोरचे दिसेनासे झाले आणि काम अर्धवट टाकून त्यांना आत यावे लागले. या फजितीवरचा उपाय बाल्टिमोरजवळच्या मॅकडोना या शाळेच्या पोहण्याच्या तलावात तयार होत होता. एक छोटी खासगी कंपनी तिथे प्रयोग करत होती. अंतराळपोशाख घातलेल्या माणसाच्या अंगावर वजने अशी बेताने लावायची की, तो बुडणारही नाही आणि तरंगून वरही येणार नाही. मग यानाच्या लाकडी-लोखंडी प्रतिकृतीवर एकेक काम सावकाश करून पाहायचे. पाय कुठे रोवायचे, कमरेचा पट्टा कुठे अडकवायचा, दोन कामांमध्ये किती वेळ थांबायचे, हे पाण्याखाली ठरू लागले. बझ ऑल्ड्रिन यांनी त्याच तलावात सराव केला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ च्या मोहिमेत यानाबाहेर मिळून पाच तासांहून अधिक काम न दमता केले.

आज ह्यूस्टनमध्ये याच पद्धतीसाठी ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल असा तलाव आहे. त्यात सव्वादोन कोटी लिटरहून अधिक पाणी मावते आणि अंतराळस्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बुडवून ठेवता येतात. या अवाढव्य तलावाचे मूळ एका शाळेच्या तलावात आणि एका फसलेल्या कामगिरीत आहे. सर्नन यांची दमछाक प्रामाणिकपणे लिहून ठेवली गेली, म्हणून ऑल्ड्रिन यांना वाट सापडली.

चंद्रावर उतरण्याच्या वेळचा एक प्रसंग याहून बोलका आहे. अपोलो-११ च्या उड्डाणाला थोडे दिवस उरले असताना नियंत्रण कक्षात तालीम चालू होती. तालीम घेणाऱ्यांचे कामच मुळी अडचणी निर्माण करण्याचे होते. त्यांनी यानाच्या संगणकाकडून एक अपरिचित धोक्याचा इशारा दिला. संगणकाची जबाबदारी असलेले तरुण अभियंता स्टीव्ह बेल्स गोंधळले आणि त्यांनी मोहीम सोडून परत फिरण्याचा निर्णय दिला. तालमीनंतर त्यांना सांगण्यात आले की, यान तेव्हा उतरू शकले असते, परतण्याची गरज नव्हती. उड्डाण संचालक जीन क्रांझ यांनी अशा प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करून नियम तयार करण्यास सांगितले. बेल्स यांचे सहकारी जॅक गार्मन यांनी सगळे इशारे आणि त्यांवरची कृती एका कागदावर हाताने लिहून काढली आणि तो कागद आपल्या टेबलावर समोरच ठेवला. २० जुलै १९६९ रोजी यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असताना संगणकाने १२०२ हा इशारा दिला. गार्मन यांना कागदावर उत्तर तयार मिळाले, बेल्स यांनी क्षणात पुढे जाण्याची संमती दिली आणि आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. त्या दिवसाचे यश त्या हस्तलिखित कागदाचेही आहे. असे कागद जपले गेले, ते लिहिणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, म्हणून आज आपण हा प्रसंग तपशिलाने सांगू शकतो.

प्रशिक्षणाच्या इतिहासाला आणखी एक नैतिक बाजू आहे. उड्डाणाच्या इतिहासात अंतराळात गेलेल्यांची नावे राहतात. तयारीच्या इतिहासात जे जाऊ शकले नाहीत, त्यांनाही जागा मिळते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. लव्हलेस यांनी खासगीरीत्या घेतलेल्या वैद्यकीय चाचण्यांत जेरी कॉब यांच्यासह तेरा महिला वैमानिक उत्तीर्ण झाल्या. पुरुष अंतराळवीरांच्या निवडीत वापरलेल्या त्याच प्रकारच्या या चाचण्या होत्या. पण अंतराळवीर होण्यासाठी जेट विमानांचा चाचणी वैमानिक असण्याची अट होती आणि ते क्षेत्र स्त्रियांना बंद होते. सोव्हिएत संघाने १९६२ मध्ये पाच महिला निवडल्या. त्यांतील फक्त व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १९६३ मध्ये गेल्या. बाकीच्या चौघींनी तेवढाच सराव केला, तेवढीच वाट पाहिली आणि त्यांची तुकडी १९६९ मध्ये विसर्जित झाली. लव्हलेस यांच्या तेरा जणींपैकी वॉली फंक यांना ८२ व्या वर्षी, २०२१ मध्ये, अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंतची एक छोटी खासगी फेरी लाभली. कोणत्या अटी कोणासाठी आडव्या आल्या, हे समजायचे असेल तर निवडीची आणि प्रशिक्षणाची कागदपत्रेच उघडावी लागतात.

भारताच्या कथेतही अशी माणसे आहेत. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा हे हवाई दलाचे दोन चाचणी वैमानिक १९८२ मध्ये मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात गेले. जाण्यापूर्वी बंगळुरूच्या हवाई दलाच्या संस्थेत शर्मा यांना ७२ तास एकट्याला बंद खोलीत ठेवून त्यांचे मन कोंडमाऱ्यात कसे टिकते, हे पाहण्यात आले होते. पुढे दोघांनी रशियन भाषा शिकली, यानाच्या यंत्रणा शिकल्या, वेगाने गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात गुरुत्वाचा अनेक पट भार सोसला. उड्डाणाच्या दिवशी एक यानात बसला आणि दुसरा जमिनीवर राहिला. शर्मा यांचे नाव घराघरांत पोहोचले. मल्होत्रा यांचे नाव आजच्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? १९८५ मध्ये इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची अमेरिकेच्या स्पेस शटलमधून इन्सॅट-१सी उपग्रहासोबत जाण्यासाठी निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या शटलचा स्फोट झाला आणि ती मोहीम रद्द झाली. तयारीला लागलेले हे दोघे शास्त्रज्ञ आपल्या स्मरणातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत.

आता नवा अध्याय सुरू झाला आहे. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला या चौघांनी फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात रशियात प्रशिक्षण घेतले. मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ते काही काळ थांबले. त्यांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये जाहीर झाली. त्या प्रशिक्षणात बर्फाळ जंगलात तग धरण्याचा सराव होता. हा सराव कुठून आला? मार्च १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह आणि पावेल बेल्यायेव्ह यांचे यान नियोजित जागेपासून शेकडो किलोमीटर दूर उरल पर्वताकडच्या बर्फाळ अरण्यात उतरले आणि मदत पोहोचेपर्यंत त्यांना तिथेच कडाक्याच्या थंडीत राहावे लागले. जंगलातल्या सरावाला तेव्हापासून वेगळेच वजन आले. भारतीय वैमानिकांनी रशियाच्या रानात काढलेल्या रात्रींचा धागा असा थेट १९६५ पर्यंत जातो. प्रशिक्षणातल्या एकेका तासामागे असा कुणाचा तरी अनुभव असतो, आणि तो माहीत असलेला विद्यार्थी तो तास अधिक मन लावून करतो.

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अ‍ॅक्झिऑम-४ या खासगी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात गेले आणि १५ जुलैला परतले. त्यांच्या बरोबरीने तयार झालेले प्रशांत नायर राखीव होते. मल्होत्रा यांच्या बाबतीत जे झाले ते नायर यांच्या बाबतीत होऊ नये, यासाठी देशाने आत्ताच काळजी घेतली पाहिजे. भारताला स्वतःच्या यानातून माणूस पाठवायचा आहे, २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारायचे आहे आणि २०४० पर्यंत भारतीयाला चंद्रावर उतरवायचे आहे. एवढी मोठी वाटचाल पुढे असताना पहिल्या तुकडीचा अनुभव ही पुढच्या सगळ्या तुकड्यांची शिदोरी ठरणार आहे.

जगाने यासाठी नमुने घालून दिले आहेत. नासाने स्थापनेनंतर लगेचच, १९५९ मध्ये, इतिहास विभाग सुरू केला. मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ कार्यक्रमाचा अधिकृत इतिहास १९६६ मध्ये, म्हणजे कार्यक्रम संपून तीनच वर्षांत प्रसिद्ध झाला. ह्यूस्टनच्या केंद्राने अंतराळवीर, प्रशिक्षक, डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्या शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित करून संशोधकांना खुल्या केल्या. रशियात अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख असलेले जनरल निकोलाय कमानिन रोज डायरी लिहीत. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ती छापली गेली, आणि अधिकृत इतिहासाने झाकलेले मतभेद, आजारपणे, अपयशे प्रथमच उजेडात आली. एका माणसाच्या रोजच्या लिहिण्याने एका देशाचा इतिहास दुरुस्त झाला.

आपल्याकडे काय करता येईल? इस्रो आणि हवाई दलाने मिळून प्रशिक्षणाचा अभिलेख उभारावा. त्यात वेळापत्रके, अभ्यासपुस्तिका, चाचण्यांचे अहवाल, सिम्युलेटरवरील तालमींच्या नोंदी आणि छायाचित्रे असावीत. चौघा अंतराळवीरांच्या मुलाखतींबरोबर बंगळुरूच्या विमानवैद्यक संस्थेतले डॉक्टर, प्रशिक्षण केंद्रातले शिक्षक, कोचीला समुद्रातून यान बाहेर काढण्याचा सराव करणारे नौदलाचे पाणबुडे, रशियातले दुभाषे आणि कुटुंबीय यांच्याही आठवणी नोंदवाव्यात. यांतील बरीच माहिती लष्करी स्वरूपाची असेल, वैद्यकीय माहिती तर खासगीच राहिली पाहिजे. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर मार्गही आहे. आज जे उघड करता येत नाही ते आज जपून ठेवावे आणि ते केव्हा खुले होईल याची तारीख आजच ठरवून टाकावी. जे जपलेच नाही, ते पुढे कोणत्याही कायद्याने उघड करता येत नाही.

महाराष्ट्रालाही यात काम आहे. अपोलोच्या अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवण्यासाठी अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवराकडे, आइसलँडला, हवाईला नेले जाई. फ्लॅगस्टाफजवळ तर सुरुंग लावून चंद्रासारखी विवरे खणली होती. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टच्या काळ्या कातळात उल्केच्या आघाताने झालेले. चंद्राच्या सपाट काळ्या मैदानांतला खडकही बेसाल्टच आहे, म्हणून १९७० च्या दशकापासून परदेशी संशोधकांनी लोणारचा अभ्यास चंद्राच्या संदर्भात केला. उद्या भारतीय अंतराळवीर चंद्रासाठी तयार होऊ लागतील तेव्हा त्यांच्या भूशास्त्राच्या धड्यांत लोणार असले पाहिजे, आणि ते धडे देणाऱ्यांत आपल्या विद्यापीठांतले अध्यापक असले पाहिजेत. इतिहासाच्या आणि पत्रकारितेच्या विभागांनी संशोधक विद्यार्थ्यांना हा विषय द्यावा. इस्रोत, हवाई दलात, वैद्यकीय सेवेत काम केलेल्या मराठी माणसांना बोलते करावे, आणि हे सारे मराठीत लिहावे, म्हणजे बारावीतला मुलगा किंवा मुलगी ते इंग्रजीच्या आधाराशिवाय वाचू शकेल.

मुलांना अंतराळवीर व्हायचे असते. त्यांना आपण यान दाखवतो, झेंडा दाखवतो, हसरे चेहरे दाखवतो. त्यांना बोंदारेंको यांचा मृत्यू, सर्नन यांची दमछाक, बेल्स यांचा चुकलेला निर्णय आणि मल्होत्रा यांची वाट पाहणे हेही सांगितले पाहिजे. त्यातून त्यांना कळेल की या क्षेत्रात चूक कबूल करून ती लिहून ठेवणाऱ्याची किंमत उड्डाण करणाऱ्याइतकीच असते, आणि राखीव राहिलेल्या माणसाचे कष्ट तितकेच खरे असतात. अशी समज घेऊन आलेली मुलेच चांगले अंतराळवीर, चांगले प्रशिक्षक आणि चांगले इतिहासकार होतील.

गगनयानमधून पहिला भारतीय अंतराळात जाईल त्या दिवसाची देश वाट पाहत आहे. त्या दिवसाआधी प्रशिक्षणाचा अभिलेख उभारण्याचा निर्णय सरकारने, इस्रोने आणि हवाई दलाने जाहीर करावा. उड्डाण यशस्वी झाले तर त्या यशाचे खरे कारण या कागदांतच सापडेल. आणि दुर्दैवाने काही बिघडले तर पुढच्या अंतराळवीराचा जीवही हेच कागद वाचवतील.